इंजिनाला एअर क्लीनर, डोळ्यांना काय?

हंगाम तोंडावर आला की ट्रॅक्टर असलेल्या घरात एक काम न सांगता होते. एअर क्लीनर उघडायचा, त्यातली धूळ झटकायची, तेलाचा असेल तर वाटीतला गाळ काढून नवे तेल भरायचे आणि क्लिपा घट्ट बसवायच्या. धूळ आत गेली की पिस्टन-लायनर घासतात, इंजिन तेल खाऊ लागते आणि मोठा खर्च अंगावर येतो, हे घरातल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते.

पण त्याच धुळीत, त्याच ट्रॅक्टरवर, आठ-आठ दहा-दहा तास जो माणूस बसतो, त्याच्या डोळ्यांपुढे काय असते? ट्रॅक्टरला केबिन नाही, पुढे काच नाही. मोटारसायकलचीही तीच गत. बहुतेकांच्या डोळ्यांपुढे काहीच नसते. फार तर डोक्याला गुंडाळलेला टॉवेल.

आमच्या घरातही हा प्रश्न कधी कोणाला पडला नव्हता. तो पडला २००३ सालच्या जानेवारीत, आणि त्याची किंमत एका डोळ्याने मोजावी लागली. ती हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढचे सांगणे कोरडा उपदेश वाटणार नाही.

तात्यांचा डोळा

तात्या म्हणजे माझे चुलते. घरचा ट्रॅक्टर, दोन ट्रॉल्या आणि साखर कारखान्याची ऊसवाहतूक. गळीत हंगाम सुरू झाला की दिवस-रात्र एकच. फडात भरायचे, कारखान्यावर नंबर लावायचा, रिकामे करून परत फडावर यायचे. झोप मिळेल तेवढी ट्रॉलीखाली.

त्या दिवशी दुपारी पुढे एक भरलेली ट्रॉली चालली होती. वारा सुटला होता. तिच्यातला वाळलेल्या पाचटाचा एक तुकडा उडाला आणि सपकन तात्यांच्या उजव्या डोळ्यावर बसला. उसाच्या पानाची कड कशी असते ते सांगायला नको. ज्यांनी ऊस तोडला आहे त्यांच्या हातांवर तिच्या रेघा असतात. तात्यांनी ट्रॅक्टर न थांबवता टॉवेलाच्या टोकाने डोळा खसाखसा चोळला आणि खेप पुरी केली.

संध्याकाळी डोळा लालभडक. काकू म्हणाल्या, "अहो, डोळ्यातनं पाणी थांबंना. तालुक्याला जाऊन दाखवून या की."

"हंगाम हाय," तात्या म्हणाले. "खेप चुकली तर नंबर जातोय. बारीक कचरा गेलाय, निघंल आपसूक."

शेजारच्या एका म्हातारीने जिभेच्या शेंड्याने कचरा काढून बघितला. रात्री कोणी दुधाचे दोन थेंब घालायला सांगितले, तेही झाले. तिसऱ्या दिवशी औषधाच्या दुकानातून एक बाटली आणली. "डोळे आल्यावर हेच देतात," असे कळले. त्या थेंबांनी दोन दिवसांत लाली उतरली. तात्या खूश झाले. पण आठव्या दिवशी डोळा ठणकू लागला, उजेड सोसेना. बाहुलीवर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट ठिपका दिसू लागला.

नवव्या दिवशी जिल्ह्याच्या गावी नेले. डोळ्यांच्या डॉक्टरांनी यंत्रातून पाहिले, जखमेवरचा थोडा भाग खरवडून तपासला आणि म्हणाले, "बुरशी धरली आहे. तुकडा लागला त्याच दिवशी आला असतात, तर चार दिवसांच्या मलमावर भागले असते."

पुढे दीड महिना औषध चालले. पहिले काही दिवस तर दर तासाला थेंब, रात्रीसुद्धा. काकू उशाशी गजराचे घड्याळ घेऊन बसायच्या. डोळा राहिला, पण बाहुलीवर कायमचे फूल पडले. आज तात्यांना त्या डोळ्याने उजेड आणि सावली एवढेच कळते.

एक डोळा गेला तर दुसरा आहे, असे आपण सहज म्हणतो. पण दोन्ही डोळे मिळून अंतराचा अंदाज देतात. तात्यांना ट्रॅक्टर मागे घेऊन ट्रॉलीचा हुक जुळवणे अवघड झाले. कपात चहा ओतताना धार बाहेर जाऊ लागली. समोरून येणारी गाडी किती लांब आहे ते ठरेना. त्यांनी रात्रीचे चालवणे सोडले आणि पुढच्या हंगामाआधी ऊसवाहतुकीचा करार दुसऱ्याला दिला. पाचटाच्या बोटभर तुकड्याने घरातली एक मिळकत बंद झाली.

पापणी का पुरी पडत नाही?

निसर्गाने डोळ्याला राखण दिलेली आहे. भुवया घाम अडवतात, पापण्यांचे केस धूळ अडवतात, आसवे डोळा धूत राहतात आणि काही जवळ आले की पापणी आपसूक मिटते. चालत्या माणसाला एवढी राखण पुरते. गाडीवर बसले की ती अपुरी पडते. का, ते थोडा हिशेब करून पाहू.

मोटारसायकल ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असेल, तर ती एका सेकंदात सुमारे १७ मीटर जाते. हवेत तरंगणारा किडा तुमच्या तोंडापासून एक मीटरवर असेल, तर तो डोळ्याशी पोचायला सेकंदाचा सतरावा भाग पुरतो. पापणी मिटायला मात्र साधारण दहावा भाग लागतो. म्हणजे पापणी मिटेपर्यंत किडा आत पोचलेला असतो. किडा बिचारा जागेवरच असतो. आपणच त्याच्यावर १७ मीटरच्या वेगाने जाऊन आदळतो.

आणखी एक गोष्ट. गाडीचा वेग दुप्पट झाला की माराचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. ताशी ३० च्या वेगाला जो खडा नुसता टोचतो, तोच ६० च्या वेगाला जखम करतो.

डोळ्याचा जो काळा भाग आपल्याला दिसतो, त्याच्यावर घड्याळाच्या काचेसारखा पारदर्शक पडदा असतो. त्याची जाडी मध्यभागी साधारण अर्धा मिलिमीटर. आपल्या दृष्टीची ती खिडकी. तिच्यावर ओरखडा उठला आणि लगेच काळजी घेतली, तर लहान जखम दोन-तीन दिवसांत भरून येते. पण जखमेत जंतू किंवा बुरशी शिरली, तर भरतानाही पांढरा वण राहतो. यालाच आपण फूल पडले म्हणतो. खिडकीच्या काचेवर चुना लागावा तसे होते. बाकीचा डोळा शाबूत असूनही दिसत नाही.

शिवाय डोळ्यात काही गेले की एकटा तो डोळा मिटत नाही, दोन्ही मिटतात. ६० च्या वेगात तीन सेकंद डोळे मिटले, तर गाडी ५० मीटर पुढे गेलेली असते. तेवढ्या अंतरात समोर मागचा दिवा नसलेली उसाची ट्रॉली असली तर काय होईल, ते सांगायची गरज नाही. म्हणून डोळ्यांची राखण ही हातपाय आणि जीव यांचीही राखण आहे.

वर्षभरात डोळ्यात काय काय जाते

उन्हाळ्यात नांगरट आणि रोटाव्हेटर चालवताना वारा पाठीमागून असेल, तर सगळी धूळ चालकाच्या तोंडावर येते. त्यातच वळवाच्या आधीची वावटळ.

पहिला पाऊस पडला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून बाहेर पडतात आणि बाभळी-कडुनिंबाकडे झेपावतात. त्या वेळी शेतातून घरी निघालेल्या मोटारसायकलस्वाराच्या तोंडावर ते खड्यासारखे बसतात. पावसाळाभर गाडीच्या दिव्याकडे झेपावणारे किडे असतातच. बाजरीच्या कणसांवर येणाऱ्या हिंग्यांसारख्या काही भुंगेऱ्यांच्या अंगातला रस कातडीवर फोड आणतो. तो डोळ्यात गेला तर आग आग होते.

सोयाबीन, गहू, ज्वारी यांच्या मळणीत भूस आणि कुसळे उडतात. मळणी यंत्राशी उभ्या असलेल्या माणसांना याचा त्रास होतोच, पण भुसाची ट्रॉली ओढणाऱ्यालाही होतो. कुसळ दिसते बारीक, पण त्याचे टोक आत रुतते. गळीत हंगामात पाचट, फड पेटवल्यावर उडणारी राख आणि कारखान्याजवळच्या रस्त्यावर बगॅसचा भुसा.

याहून गुपचूप काम करणारे दोघे आहेत, वारा आणि ऊन. सतत वारा लागला की आसवांचा पातळ थर सुकतो. डोळे चुरचुरतात, जड होतात, उलट पाणी गळू लागते. उन्हातले अतिनील किरण आणि धूळ-वारा यांचा मारा वर्षानुवर्षे झाला, की नाकाकडच्या बाजूने डोळ्यावर मांस वाढू लागते. ते काळ्या भागावर सरकले की नजर बिघडते. मोतीबिंदू लवकर येण्यालाही हे किरण हातभार लावतात.

चष्मा कसा निवडावा

आता उपायाकडे वळू. उपाय साधा आहे आणि ट्रॅक्टरच्या इंजिन-तेलाच्या एका डब्याहून स्वस्त आहे.

जत्रेतला रंगीत गॉगल दिसायला ऐटदार असतो. त्याची काच ठिसूळ असली तर फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जाण्याची भीती. शिवाय नुसती काळी काच असेल आणि ती अतिनील किरण अडवत नसेल, तर उलटाच प्रकार होतो. अंधारामुळे बाहुली मोठी होते आणि ते किरण जास्त आत जातात.

हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंगवाले, ग्राइंडरवाले, कारखान्यातले कामगार घेतात तो पारदर्शक सुरक्षा-चष्मा मागावा. तो पॉलिकार्बोनेटचा असावा. हे प्लॅस्टिक मार सोसते, सहसा फुटत नाही, आणि पारदर्शक असूनही बहुतेक सगळे अतिनील किरण अडवते. दांडीवर किंवा काचेवर 'झेड ८७' किंवा 'ईएन १६६' अशी खूण असेल, तर तो मार सोसण्याच्या मापदंडाचा आहे असे समजावे. घेताना चार गोष्टी पाहाव्यात.

एक, कडेला आडोसा हवा. धूळ आणि किडे समोरून जितके येतात तितकेच बाजूने येतात. साधा चष्मा बाजूने उघडाच असतो.

दोन, वरची कड भुवईला आणि खालची गालाला टेकायला हवी. चष्मा लावून मान जोरात हलवून पाहावी. घसरला तर तो गाडीवर कामाचा नाही. मागून पट्टा असलेला मिळाला तर फारच छान. मळणीच्या आणि रोटाव्हेटरच्या कामाला पट्ट्याचा, चारी बाजूंनी चेहऱ्याला बसणारा गॉगल उत्तम. त्याला हवेची भोके असतात, म्हणून वाफ धरत नाही.

तीन, दिवसासाठी हलका रंग चालेल, पण त्यावर 'यूव्ही ४००' असे लिहिलेले असावे. सूर्य मावळला की काच पारदर्शकच हवी. रात्री रंगीत काच लावून गाडी चालवणे म्हणजे दिवा मालवून चालवण्यासारखे आहे. पिवळ्या काचेने रात्री चांगले दिसते असे विकणारे सांगतात. त्यावर भरवसा ठेवू नये. कोणतीही रंगीत काच उजेड कमीच करते.

चार, ज्यांना नंबरचा चष्मा आहे त्यांनी तो पुरेसा समजू नये. नंबरच्या चष्म्यावरून बसणारा मोठा सुरक्षा-चष्मा मिळतो, तो घ्यावा.

मोटारसायकलवर सर्वांत चांगली राखण म्हणजे पुढे काच असलेले, आयएसआय खुणेचे, पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट. डोके आणि डोळे दोन्हीची सोय एकातच होते. पण पुष्कळजण काच वर सारून गाडी चालवतात. मग किडा तिच्याखाली अडकून डोळ्याशीच फडफडतो. काच खाली ओढावी. पावसात वाफ धरली तर बोटभर फट ठेवावी.

काच पुसण्याचीही रीत आहे. धूळ बसलेली काच कोरड्या टॉवेलाने घासली की चरे पडतात आणि रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या चऱ्यांतून फाकतो. आधी पाणी ओतावे, मग मऊ सुती फडक्याने टिपावे. चरे फार झाले की नवी काच घ्यावी.

घरातल्या बायाबापड्यांना आणि लेकरांना विसरू नये. मागे बसणाऱ्या माउलीच्या डोळ्यांतही तेवढीच धूळ जाते. लहान मुलाला टाकीवर पुढे बसवण्याची आपल्याकडे सवय आहे. त्याच्या तोंडावर वारा आणि किडे सर्वांत आधी येतात, आणि पडले तर सर्वांत आधी तेच पडते. मुलाला टाकीवर बसवू नये, ट्रॅक्टरच्या मडगार्डवर तर कोणालाच बसवू नये.

डोळ्यात गेलेच तर

सगळी काळजी घेऊनही एखादे वेळी काहीतरी जातेच. अशा वेळी काय करावे ते घरातल्या प्रत्येकाला पाठ असावे.

पहिले म्हणजे वेग हळूहळू कमी करून गाडी कडेला घ्यावी आणि उभी करावी. एका हाताने डोळा चोळत दुसऱ्या हाताने गाडी चालवू नये.

डोळा चोळू नये. आत कुसळ असेल तर चोळण्याने ते रुतते, आणि माती असेल तर ती पॉलिश पेपरासारखी पडदा घासते. डोळ्यांची उघडझाप करावी. पाणी येते तेच पुष्कळदा कचरा वाहून नेते.

तेवढ्याने निघाले नाही, तर हात साबणाने धुऊन पिण्याच्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा. मान बाजूला कलती करून नाकाकडून कानाकडे पाण्याची बारीक धार सोडावी, म्हणजे घाण दुसऱ्या डोळ्यात जात नाही. कॅनॉलचे, विहिरीचे किंवा शेततळ्याचे पाणी वापरू नये. वरच्या पापणीखाली काही टोचत असेल, तर तिचे केस धरून ती खालच्या पापणीवर ओढून सोडावी. खालच्या पापणीचे केस कुंच्यासारखे काम करतात.

काडी, सुई, टॉवेलाचे टोक, जिभेचा शेंडा यांतले काहीही डोळ्याला लावू नये. तोंडात जंतू असतात, ते जखमेत जातात.

काही रुतलेले दिसले, किंवा ग्राइंडरची ठिणगी, लोखंडाचा कण, काचेचा तुकडा गेला असेल, तर धुण्याच्या किंवा काढण्याच्या फंदात पडू नये. डोळ्यावर दाब न देता वरून कागदी पेला उपडा ठेवून चिकटपट्टीने बसवावा आणि थेट डॉक्टरकडे न्यावे.

बॅटरीचे पाणी, चुना किंवा फवारणीचे औषध गेले असेल, तर मात्र क्षणही न दवडता जे स्वच्छ पाणी हाताशी असेल त्याने डोळा उघडा ठेवून निदान अर्धा तास धुवावा, आणि मगच दवाखान्याची वाट धरावी.

अठरा तासांचा हिशेब

कचरा निघून गेला, तरी ओरखडा राहिलेला असू शकतो. तो उघड्या डोळ्यांनी दिसत नाही. टोचणी राहणे, पाणी गळणे, उजेड न सोसणे, अंधुक दिसणे, लाली वाढणे यांतले काहीही दोन-तीन तासांनंतरही राहिले, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. 'उद्या बघू' म्हणू नये. याला भक्कम आधार आहे.

नेपाळात काठमांडूजवळ भक्तपूर नावाचा जिल्हा आहे. तिथेही आपल्यासारखीच शेती करणारी माणसे. तिथल्या सुमारे ३५ हजार लोकांवर डॉक्टरांनी दोन वर्षे लक्ष ठेवले. गावातल्या आरोग्यसेवकांना शिकवून तयार केले. डोळ्याला लागलेला माणूस ४८ तासांच्या आत आला आणि पडद्यावर ओरखडा सापडला, की त्याला क्लोरॅम्फेनिकॉलचे मलम दिवसातून तीनदा, तीन दिवस लावायचे. असे ४४२ लोक आले. २००१ साली त्याचे निष्कर्ष छापून आले, ते असे.

लागल्यापासून १८ तासांच्या आत आलेले २८४ जण होते. त्यांतल्या एकाच्याही डोळ्यात जखम चिघळली नाही. १८ ते २४ तासांत आलेले १०९ होते. त्यांतल्या चौघांची जखम चिघळली. २४ ते ४८ तासांत आलेले ४९ होते. त्यांतल्या चौदा जणांची चिघळली.

मलम तेच, डोळे तसेच, फरक फक्त वेळेचा. अठरा तासांच्या आत गेले तर कोणाचेच बिघडले नाही, आणि दुसऱ्या दिवशी गेले तर दर साडेतीन माणसांमागे एकाचे बिघडले. आमचे तात्या नवव्या दिवशी गेले होते.

ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात डोळे तपासणारे कोण आणि कोणत्या वारी असतात, ते आजच विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवावे. हंगामात शोधाशोध करायला वेळ नसतो.

दुकानातले थेंब

तात्यांच्या डोळ्याची लाली दुकानातल्या थेंबांनी उतरली होती, मग बिघडले कुठे? हे समजून घेतले पाहिजे, कारण अशी चूक आजही पुष्कळ घरांत होते.

त्या बाटलीत स्टिरॉइड होते. डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन ही त्यांतली काही नावे. स्टिरॉइड सूज आणि लाली दाबते. पण लाली म्हणजे शरीराने जंतूंशी लढायला पाठवलेली कुमक असते. कुमक परत बोलावली की डोळा शांत दिसतो आणि आत शत्रू मोकाट सुटतो. झाडपाला, पाचट, कुसळ, माती यांच्याबरोबर डोळ्यात बुरशी जाते. बुरशीला तर स्टिरॉइड म्हणजे खतपाणीच. तिच्यावर नॅटामायसिनसारखे वेगळे औषध लागते आणि ते आठवडेच्या आठवडे घालावे लागते.

म्हणून मागच्या वेळच्या दुखण्याची उरलेली बाटली, शेजाऱ्याची बाटली, न विचारता घेतलेली बाटली यांपैकी काहीही लागलेल्या डोळ्यात घालू नये. दूध, मध, तूप, एरंडेल, लिंबू, काजळ यांचेही तसेच. आजीबाईचा बटवा इतर ठिकाणी उपयोगी असेल, उघड्या जखमेच्या डोळ्यात त्याला जागा नाही.

एका विसरलेल्या गॉगलची गोष्ट

आता थोडी दूरची, पण आपल्या घरापर्यंत पोचलेली गोष्ट. दुसऱ्या महायुद्धात, १५ ऑगस्ट १९४० रोजी, गॉर्डन क्लीव्हर नावाचा इंग्रज वैमानिक लढाऊ विमान चालवत होता. त्या दिवशी त्याच्या डोळ्यांवर गॉगल नव्हता. गोळी लागून विमानाची पर्स्पेक्स प्लॅस्टिकची काच फुटली आणि तिचे बारीक तुकडे त्याच्या दोन्ही डोळ्यांत घुसले. एका डोळ्याची नजर कायमची गेली.

अशा वैमानिकांना तपासणाऱ्या हॅरॉल्ड रिडली या डॉक्टरांच्या ध्यानात आले, की हे प्लॅस्टिक डोळ्यात राहूनही डोळा त्यावर चिडत नाही. मग मोतीबिंदू काढल्यावर आत याच जातीच्या प्लॅस्टिकचे भिंग का बसवू नये? २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी लंडनमध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया केली. आज आपल्या गावच्या शिबिरातून आजी-आजोबा मोतीबिंदू काढून, भिंग बसवून येतात, त्याचे मूळ तिथे आहे.

त्या दुखापतीतून जगाचे भले झाले. पण वैमानिकाचा गेलेला डोळा काही परत आला नाही. आपण शिकायचे ते एवढेच, की गॉगल जागेवर असावा.

किल्लीच्या खिळ्यावर

चष्मा विकत घेणे सोपे, रोज लावणे अवघड. पहिले चार दिवस नाकावर ओझे वाटते, घाम येतो, पोरे हसतात. आठवडाभरात सवय होते. मग चष्म्यावाचून ट्रॅक्टरवर बसले की उघड्यावर आल्यासारखे वाटते.

आमच्या घरी आता ट्रॅक्टर माझा चुलत भाऊ चालवतो. सोप्यात दाराशेजारी एक खिळा आहे. त्यावर ट्रॅक्टरची किल्ली असते, आणि किल्लीच्या वर चष्मा अडकवलेला असतो. चष्मा काढल्याशिवाय किल्ली हाताला लागत नाही. ही युक्ती काकूंची.

गेल्या हंगामात भाऊ घाईत होता. चष्मा बाजूला ठेवून नुसती किल्ली उचलून निघाला. ओट्यावर बसलेल्या तात्यांनी हाक मारली.

"आरं, एअर क्लीनर साफ केलास का?"

"केला की, तात्या. सकाळीच."

"इंजिनाचा केलास," तात्या म्हणाले. "तुझा खिळ्याजवळच राहिलाय बघ."

भाऊ काही न बोलता मागे फिरला, चष्मा घातला, आणि मग ट्रॅक्टर सुरू केला.